भोंगा घेतला

टक्.

बाथरूमच्या दाराची कडी आपणहून सुटली आणि टेबलाभोवती गप्प बसलेली माणसं एकदम हलली. कुणी खुर्ची सरकवली, कुणी घसा खाकरला. त्या कडीचं बोट झिजलेलं होतं. दार दणका देऊन ओढलं नाही, तर पाच-दहा मिनिटांनी ते असं स्वतःच्या मर्जीने उघडायचं.

"ओढून घ्या रे ते दार कुणीतरी," सासूबाई झबल्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या. कुणीतरी उठेल या भरवशावर सगळे बसून राहिले.

शांतता पसरली होती ती धाकट्या सुनेच्या प्रश्नामुळे. आता तिने तोच प्रश्न पुन्हा टेबलावर ठेवला. "भाऊजी, त्या व्हिलातल्या पोहायच्या तलावाला कुंपण आहे का?"

मोठे भाऊजी, म्हणजे तिच्या नवऱ्याचा भाऊ, एका बांधकाम कचेरीत नकाशे काढायचे. बेटावरच्या त्या व्हिलाचे फोटो बघून, अंदाजाने मापं धरून, त्यांनी अख्खा नकाशा पेन्सिलने काढून आणला होता. खोल्या, पायऱ्या, खाली धक्क्याकडे जाणारी वाट, आणि कोण कुठे झोपणार तेही. तीन पाळण्यांच्या जागी तीन छोटे चौकोन होते. नकाशा सुरेख होता आणि त्यावर कुणी बोट ठेवलं की त्यांना ते लागायचं.

"कुंपण नाही," ते म्हणाले. "पण खोलही नाहीये. या टोकाला साडेतीन फूट."

"भोंगा अडीच फूटही नाही."

"आता सिस्टरपुढे काय बोलणार," भाऊजींनी पेन्सिल कानावर खोचली.

घरात सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. ऑपरेशन थिएटरमध्ये ती नऊ वर्षं नर्स होती. नऊ महिन्यांपूर्वी जुळी झाली, एक मुलगा, एक मुलगी, तेव्हापासून रजेवर होती. मुलगा रडायला लागला की खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायची, म्हणून तो भोंगा. मुलगी डोळे किलकिले करून जगाकडे संशयाने बघायची, ती मनी. आणि या दोघांच्या आधीची चार वर्षांची ठकी, जी आत्ता टेबलामागच्या चटईवर पालथी पडून खडूंनी समुद्र रंगवत होती. केशरी समुद्र. निळा खडू संपला होता.

थिएटरमधून तिने घरी एकच गोष्ट आणली होती. तिथे वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती बोलून. घेणारा "घेतली" म्हणत नाही तोवर देणारा सोडत नाही. जुळी घरी आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने नियम लावला. बाळ घ्यायचं तर नाव घेऊन सांगायचं, भोंगा घेतला, मनी घेतली. मग ते बाळ तुमचं, दुसऱ्याने "घेतलं" म्हणेपर्यंत.

"बाई गं, या घरात मिठाची वाटी दिली तरी सही करून घ्यावी लागते," असं जाऊबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. नवरा शाळेत शिकवायचा. तो "हजर" म्हटल्यासारखं "मनी घेतली" म्हणून सगळ्यांना हसवायचा.

न हसता नियम पाळणारे एकटे सासरे. ते एकतीस वर्षं लाँचवर सारंग होते, लाँच चालवायचे. "सुकाणू असंच देतात," ते म्हणाले होते. "दुसरा 'धरलं' म्हणाला की मग हात काढायचा. पोर म्हणजे काय, सुकाणूच." आणि ते "भोंगा घेतला" असं म्हणायचे की पलीकडच्या गच्चीवरची कबुतरं उडावीत.

बेटाचा बेतही त्यांचाच. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना त्या बेटावर नेऊन सोडलं. धक्क्याला दोर टाकायचा, पेट्या उतरवून द्यायच्या, दोर सोडायचा, परत फिरायचं. धक्क्याच्या सातव्या पायरीच्या वर ते कधी गेले नव्हते. वरून उतरणारी माणसं उन्हाने लाल झालेली असायची आणि काहीतरी आठवून हसत असायची. "एकदा आपण पण पेटी घेऊन उतरायचं," ते म्हणायचे. "चार रात्री. सगळ्यांनी. पोरांसकट."

घाई त्यांना का होती तेही सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. गेल्या काही महिन्यांत त्यांचा चष्मा दोनदा फ्रिजमध्ये सापडला होता. जेवण झाल्यावर "आज जेवायचं नाही का" म्हणून विचारून झालं होतं. तेव्हापासून घरची माणसं त्यांच्या डोक्यावरून एकमेकांकडे बघायला लागली होती. ते बघणं त्यांना दिसत नव्हतं असं नाही.

त्यांनी तीन बाळांसाठी तीन लाइफ जॅकेट आणली होती, मानेखाली उशी असलेली. तिसरं जाऊबाईंच्या वर्षाच्या पैलवानासाठी, जो आत्ता आईच्या मांडीवर बसून बिस्किटाचा लगदा करत होता. रोज सकाळी गॅलरीत बसून सासरे ती जॅकेट एका उशीला घालून, पट्ट्या ओढून, दोराच्या गाठी मारून बघायचे.

आतल्या खोलीत भोंगा वाजला. उठले तेही सासरेच. "भोंगा घेतला," आतून ललकारी आली आणि ते त्याला खांद्यावर टाकून बाहेर आले.

"बाबा, शेवटची लाँच कितीला सुटते तिथून?" तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"साडेचारला. मग सकाळी सातला."

"म्हणजे साडेचौदा तास. आणि डॉक्टर अलीकडच्या काठावर. मनीला मागच्या महिन्यात ताप चढला, डोळे फिरले, तेव्हा मी अकरा मिनिटांत दवाखान्यात होते. अकरा."

"पुन्हा होईलच असं नाही म्हणालेत डॉक्टर," नवरा म्हणाला.

"होणारच नाही असंही म्हणाले नाहीत."

"सहा मोठी माणसं आणि तीन बाळं," जाऊबाई म्हणाल्या. "एकेकाला दोन-दोन माणसं आली. आणखी काय, पहारा बसवायचा?"

"वहिनी, तेच तर. दोन असले की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे."

"अगं, घरात काय करतेस मग? घरात पण तेच हात, तेच डोळे."

सासरे नकाशावर वाकले होते. भाऊजींनी पोहायची जागा म्हणून जिथे छोट्या लाटा काढल्या होत्या ती बाजू त्यांना पसंत नव्हती. "इथे नाही. पश्चिमेला पाण्याला ओढ आहे. थांब, दाखवतो. पोरी, धर गं याला जरा."

"घेतला," ती म्हणाली.

डोळे नकाशावर होते. शब्द आपोआप आला, थिएटरमध्ये बाराव्या तासालाही यायचा तसा. भोंगा तिच्या डाव्या कमरेवर आला, ओलं तोंड तिच्या खांद्याला पुसून स्थिर झाला. सासऱ्यांनी भाऊजींच्या कानावरची पेन्सिल उचलली आणि पाण्याची ओढ काढायला घेतली. त्याच वेळी नवरा बोलत होता, म्हणून तिचं "घेतला" कुणाच्या कानावर पडलं नाही.

"तुला यायचंच नाहीये," नवरा म्हणत होता. "तसं सरळ सांग ना. काल पायऱ्या, आज तलाव, उद्या आणखी काही."

"मी मुद्दाम शोधून काढते का?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंस. सगळ्यांसमोर म्हटलंस." तिचे कान तापले. "फोटो तरी नीट बघितलास का तू? थांब."

फोन पिशवीत होता आणि पिशवीची चेन एका हाताने उघडायची नाही. तिने वाकून भोंग्याला चटईवर टेकवलं, ठकीच्या शेजारी, आणि दोन्ही हातांनी चेन ओढली. फोन काढला. फोटो मोठा केला. "ही पायरी बघ. खोलीतून थेट तलावात. कठडा नाही, काही नाही. रांगणाऱ्या पोराला इथून तिथे जायला किती वेळ लागेल, सांग."

आता सगळे त्या फोटोवर वाकले. भाऊजी म्हणाले, दाराला आडवी फळी लावता येईल. जाऊबाई म्हणाल्या, मग त्या फळीला अडखळून आई पडतील. सासूबाई म्हणाल्या, मला पाडू नका, मी चहा टाकते. मनी उठली, नवरा तिला आणायला गेला आणि येताना "मनी घेतली" म्हणाला, पण या वेळी कुणी हसलं नाही. चहा उकळला, गाळला, कप आले.

जाऊबाईंनी पैलवानाचं नाक पुसलं आणि सहज म्हणाल्या, "आज भोंगा बराच वेळ वाजला नाही गं."

तिने मान वर केली. समोर सासरे होते, नकाशावर वाकलेले.

"बाबा, भोंगा?"

सासऱ्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. एका हातात पेन्सिल होती, दुसरा नकाशावर पसरलेला. त्यांनी दोन्ही हात उलटे करून बघितले, बाळ तिथेच कुठेतरी असल्यासारखे.

"माझ्याकडे..." ते म्हणाले.

मग खुर्च्या मागे पडल्या. भाऊजी जिन्याकडे, नवरा मनीला काखेत धरून गॅलरीकडे, जाऊबाई पलंगाखाली. "भोंग्या, ए भोंग्या." सगळे एकाच वेळी हाका मारत होते.

"कुणी हलू नका," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण थिएटरमधला होता. ऑपरेशनच्या बोळ्यांच्या मोजणीत एक कमी आला की तिथे सगळे जागच्या जागी थांबतात. तसेच सगळे थांबले. पैलवानसुद्धा. त्या शांततेत बाथरूमकडून आवाज आला. हात पाण्यावर आपटल्याचा, चपक्.

दार वीतभर उघडं होतं. आत सासूबाईंनी कपडे भिजवायला भरून ठेवलेली बादली होती आणि बादलीची कड धरून भोंगा उभा होता. आजवर तो कधी स्वतःहून उभा राहिला नव्हता. पावलांच्या टोकांवर, पोट कडेवर दाबून, डोकं आत झुकवून तो पाण्यावर तरंगणाऱ्या तांब्याकडे बघत होता. उजवा हात खांद्यापर्यंत ओला. तांब्या जरा लांब गेला तसा तो आणखी थोडा वाकला आणि एक पाऊल जमिनीवरून पार सुटलं.

तिने हाक मारली नाही. मागून जाऊन दोन्ही काखांत हात घालून उचललं. तो हसला, ओला हात त्याने तिच्या तोंडावर फिरवला.

"भोंगा घेतला," ती म्हणाली. बाहेर कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला.

तिने त्याला कमरेवर घेतलं, डाव्या. त्याचं वजन त्या जागी पडलं आणि तिला आठवलं. चेन, पिशवी, चटई. आपलं "घेतला".

बाहेर आली तेव्हा कुणीच ओरडत नव्हतं. सासूबाईंनी बादली कलंडवली आणि सगळं पाणी जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

"बाबा," नवरा हळू म्हणाला, "तुम्हीच घेतला होता ना त्याला? आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

"जाऊ दे रे," जाऊबाई म्हणाल्या. "वयाप्रमाणे होतं."

तुम्ही मला दिला होता. एवढंच वाक्य. ते तिच्या जिभेवर आलं होतं, पण आधी ती भोंग्याचा ओला हात आपल्या बाहीने पुसायला लागली. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "सिस्टरचं बरोबर आहे. आपल्या चार भिंतीत हे होतं, तर तिकडे काय होईल."

पंधरा दिवस ती हेच ऐकायला धडपडत होती. ते ऐकलं आणि वाक्य गिळलं गेलं. आधी भोंग्याला पुसण्यात बोलायचं राहिलं होतं. आता का बोलली नाही, हे तिला स्वतःला विचारायचं नव्हतं.

सासऱ्यांनी पेन्सिल भाऊजींना परत दिली. नकाशाची गुंडाळी करायला घेतली. कागद एका बाजूने निमुळता होत होता.

"रद्द करा," ते म्हणाले.

"बाबा, आज लगेच नको..." भाऊजी म्हणाले.

"सहापर्यंत कळवायचंय ना त्या व्हिलावाल्यांना? नाही म्हणून कळव." ते क्षणभर थांबले. "चष्मा हरवतो तोवर ठीक होतं. एकतीस वर्षांत सुकाणू सोडून कधी बाजूला झालो नाही रे मी. आज सोडलं आणि मला कळलंही नाही." मग भोंग्याच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, घेण्यासाठी नाही, नुसता ठेवला. "चुकलो रे राजा," म्हणाले आणि गॅलरीत गेले.

आतल्या खोलीत तिने भोंग्याचे कपडे बदलले. डावी मूठ तो उघडू देईना. बोटं एकेक करून सोडवली तर आत केशरी खडूचा चुरा होता, घामाने चिकटलेला. ती त्याच्याकडे बघत राहिली. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. बाहेर भाऊजी त्या व्हिलावाल्यांचा नंबर शोधत होते आणि जाऊबाई दबक्या आवाजात म्हणत होत्या, "यापुढे बाबांकडे पोरं एकटी द्यायची नाहीत बरं का. वाईट वाटलं तरी."

ती उठली. भोंग्याला घेऊन गॅलरीत गेली.

सासरे लाइफ जॅकेटांच्या गाठी सोडत होते. पक्क्या बसलेल्या गाठी, नखाने उकरून, एकेक. दोर लाकडी बाकावर घासल्याचा आवाज येत होता.

"बाबा, भोंगा तुम्ही मला दिला होता."

त्यांनी वर बघितलं नाही.

"तुम्ही 'धर गं' म्हणालात, मी 'घेतला' म्हणाले. मग फोन काढायला मी त्याला खाली ठेवलं. मी विसरले. तुम्ही नाही."

सासरे हसले. इतक्या मायेने हसले की तिला तिथेच बसावंसं वाटलं.

"चांगली आहेस," ते म्हणाले. "पण मला खेळवू नका गं. आज तू माझ्यासाठी असं बोलशील, उद्या तुझा नवरा बोलेल. मग मला कळायचं कसं, मी कुठवर आलोय ते?"

"बाबा, मी खरं सांगतेय."

"तू? कापसाचा बोळा मोजणारी बाई पोर खाली ठेवून विसरली?" त्यांनी मान हलवली. "आणि तसं असतं तर तू तिथेच बोलली असतीस. मी ओळखतो तुला."

मागे नवरा येऊन उभा राहिला होता. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी म्हणाला, "राहू दे. कळतंय मला तुझं मन. पण आता त्यांना आणखी गोंधळात टाकू नकोस." आणि मनीला थोपटत आत गेला.

एवढ्याशा वेळात खरी गोष्ट खोटी दिसायला लागली होती. तेव्हा टेबलाशी बोलली असती तर तिच्यावर चिडले असते सगळे. आता तिच्यावर माया करत होते. आतून भाऊजींचा आवाज आला, "हॅलो, हॅलो," मग "लागत नाहीये, परत करतो."

ठकी खडूंची पेटी घेऊन दारात आली. तिचा चेहरा तक्रारीचा होता.

"आई, भोंग्याने माझा केशरी खडू मोडला. अर्धा खाल्ला पण."

"कधी गं?"

"मगाशी. तू त्याला माझ्याजवळ ठेवलंस ना, तेव्हा."

दोर घासल्याचा आवाज थांबला.

"तू त्याला ठेवलंस आणि पिशवीची चेन उघडलीस," ठकीने पेटी जमिनीवर टेकवली आणि नीट समजावून सांगितलं, ती बाहुलीला समजावते तसं. "मग त्याने खडू घेतला. मग तो रांगत रांगत गेला. मी तुला सांगणार होते. पण तुम्ही मोठ्यांचं बोलत होता."

ती खाली बसली. भोंगा कमरेवरून मांडीवर घसरला. अर्धी सुटलेली गाठ सासऱ्यांच्या दोन बोटांत तशीच होती. तिला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून तिने ठकीकडे बघितलं.

"मग नंतर का नाही सांगितलंस बाळा? आजोबा म्हणत होते ना, मी चुकलो म्हणून. तू तिथेच होतीस."

"तू पण तिथेच होतीस," ठकी म्हणाली. "मला वाटलं तू सांगशील."

तिने पेटीतून केशरी खडूचा उरलेला तुकडा काढून आईच्या हातात दिला, आणि आई "घेतला" म्हणेल म्हणून क्षणभर सोडला नाही.

"आई, तू का नाही सांगितलंस?"